न्यू जर्सीत घरचा ब्लूबेरी मफिन विकायला २०२१ साल का उजाडावं लागलं?

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याचं अधिकृत फळ ब्लूबेरी आहे. चौथीतल्या मुलांनी आग्रह धरला आणि २००४ साली तसा कायदाच झाला. याच राज्यातलं हॅमंटन हे गाव स्वतःला 'जगाची ब्लूबेरी राजधानी' म्हणवून घेतं. जून-जुलै आला की बागेत जायचं, स्वतःच्या हाताने फळं तोडायची, वजनावर पैसे द्यायचे आणि घरी येऊन पाय, मफिन, जॅम करायचा, हा इथल्या कित्येक घरांचा उन्हाळ्यातला ठरलेला उद्योग.

आणि तरीही ऑक्टोबर २०२१ पर्यंत या राज्यात घरच्या ओव्हनमधून निघालेला एक मफिन शेजाऱ्याला विकणं नियमबाह्य होतं. पकडलं गेलं तर एक हजार डॉलरपर्यंत दंड. तोच मफिन फुकट वाटला तर कुणाची हरकत नव्हती. शाळेच्या किंवा चर्चच्या मदतीसाठी टेबल मांडून विकला तरी चालायचं. पैसे करणाऱ्याच्या स्वतःच्या पर्समध्ये गेले की मात्र तो बेकायदा.

पीठ तेच, अंडी तीच, ओव्हनही तोच. मग पैसे कुणाला मिळाले यावरून मफिन खायला धोकादायक कसा ठरतो? न्यू जर्सीतल्या होम बेकर्सनी नेमका हाच प्रश्न कोर्टात विचारला. अमेरिकेच्या ५० राज्यांपैकी ही बंदी उठवणारं न्यू जर्सी शेवटचं राज्य ठरलं.

ब्लूबेरी 'माणसाळली' तीच मुळी इथे

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ब्लूबेरी हे रानफळ होतं. आपल्याकडे करवंदं-जांभळं जशी डोंगरातून टोपलीत येतात, तशी ती जंगलातून यायची. तिची लागवड होऊ शकत नाही, असाच समज होता. शेतकऱ्यांनी चांगल्या जमिनीत, खत घालून रोपं लावली की ती मरायची.

अमेरिकेच्या कृषी खात्यातले वनस्पतीशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी याचं कारण शोधलं. ब्लूबेरीला 'चांगली' जमीन नकोच असते, तिला आंबट म्हणजे आम्लधर्मी जमीन लागते. त्यांचे निष्कर्ष १९१० साली प्रसिद्ध झाले. न्यू जर्सीत व्हाइट्सबॉग इथे क्रॅनबेरीची मोठी शेती असलेल्या घरातल्या एलिझाबेथ व्हाइट यांनी ते वाचले आणि कोव्हिल यांना थेट प्रस्ताव दिला: जमीन आमची, संशोधन तुमचं.

व्हाइट यांची युक्ती साधी होती. रानातल्या झुडपांची खडान्‌खडा माहिती असलेल्या स्थानिक लोकांना त्यांनी फळ मोजायचं माप दिलं आणि ज्या झुडपाची फळं मोठी, ते झुडूप दाखवणाऱ्याला पैसे दिले. झुडपांना नावंही शोधणाऱ्यांचीच पडली. रूब लीक नावाच्या माणसाने दाखवलेल्या झुडपापासून तयार झालेली 'रुबेल' ही जात आजही लावली जाते. १९१६ साली लागवडीच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक बाजारात गेलं. आज पेरूपासून चीनपर्यंत जी ब्लूबेरी पिकते, तिच्यातल्या बहुतांश जातींची मुळं या कामापर्यंत जातात.

थोडक्यात, ज्या राज्याने जगाला ब्लूबेरीची शेती दिली, तिथेच तिचा घरगुती खाऊ विकायला सगळ्यात जास्त वाट पाहावी लागली.

'कॉटेज फूड' म्हणजे काय?

अमेरिकेत घरच्या स्वयंपाकघरात करून विकायच्या पदार्थांना 'कॉटेज फूड' म्हणतात. हा विषय केंद्र सरकारच्या नाही, तर राज्यांच्या हातात आहे. त्यामुळे ५० राज्यांत ५० तऱ्हा. वायोमिंगने २०१५ साली 'फूड फ्रीडम' कायदा करून जवळजवळ सगळंच मोकळं केलं. कॅलिफोर्नियात घरगुती बेकिंगची विक्री २०१३ पासून सुरू झाली आणि २०१८ च्या कायद्याने तर घरातून गरम जेवण विकायलाही वाट दिली, अर्थात तिथल्या काउंटीने, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्याने, मान्यता दिली तर.

सगळ्यात मजेशीर गोष्ट विस्कॉन्सिनची. तिथे २०१० साली एक कायदा झाला, त्याला लोक 'पिकल बिल' म्हणजे लोणच्याचं विधेयक म्हणतात. त्यानुसार घरी बाटलीबंद केलेलं आंबट लोणचं, जॅम वर्षाला ५,००० डॉलरपर्यंत परवान्याशिवाय विकता येत होतं. पण बिस्कीट नाही! म्हणजे ब्लूबेरीचा जॅम विकायला मोकळीक, आणि तोच जॅम लावलेलं घरचं बिस्कीट विकलं तर गुन्हा. खाद्यपदार्थांचं थोडंफार शास्त्र ज्याला कळतं, त्याला हे उलटं वाटेल. चुकण्याची शक्यता बाटलीत जास्त असते, बिस्किटात जवळजवळ नसते.

तिथल्या महिला बेकर्स कोर्टात गेल्या. लाफायेट काउंटीच्या न्यायाधीशांनी २०१७ साली निकाल दिला की या बंदीचा आणि ग्राहकाच्या आरोग्याचा खरा संबंध दिसत नाही आणि म्हणून ती राज्याच्या संविधानात बसत नाही. या निकालानंतर उरलं एकटं न्यू जर्सी.

न्यू जर्सीतही त्याच वर्षी, डिसेंबर २०१७ मध्ये, होम बेकर्सच्या संघटनेने काही बेकर्ससह खटला भरला. त्याआधी विधिमंडळाचा मार्ग चोखाळून झाला होता. खालच्या सभागृहात विधेयक पुन्हा पुन्हा मंजूर व्हायचं आणि सिनेटच्या समितीत अडकून पडायचं. शेवटी बदल कायद्यातून आला नाही. राज्याच्या आरोग्य विभागानेच नवे नियम केले आणि ते ४ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले.

विरोध कुणाचा होता? काही जणांची काळजी आरोग्याची होती आणि ती खोटी म्हणता येणार नाही. पण दुसरी बाजू धंद्याची. बाजारपेठेत गाळा घेतलेला बेकरीवाला भाडं भरतो, तपासणीला सामोरा जातो, परवान्याचे पैसे देतो. घरून विकणारी व्यक्ती यातलं काहीच करत नाही, मग स्पर्धा बरोबरीची कशी, असा त्याचा सवाल. विस्कॉन्सिनमध्ये बेकऱ्यांच्या संघटनेने विधेयकाला उघड विरोध केला होता. ही तक्रार समजण्यासारखी आहे, पण तिला आरोग्याचं नाव देऊन बंदी घालणं हे काही प्रामाणिक उत्तर नव्हे.

खरा धोका कुठे असतो?

आरोग्याचा मुद्दा नीट समजून घ्यायचा तर दोन आकडे पुरेसे आहेत. पहिला, पीएच ४.६. पदार्थ किती आंबट आहे हे पीएच सांगतो. आकडा जितका कमी, तितका आंबटपणा जास्त. हवाबंद बाटलीत 'क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम' नावाचा जिवाणू वाढू शकतो आणि त्याचं विष माणसाला ठार करू शकतं. त्याला वास नसतो, चव नसते, बाटलीकडे बघून काही कळत नाही. पण पीएच ४.६ च्या खाली तो वाढत नाही. ब्लूबेरीचा पीएच साधारण ३.१ ते ३.४ असतो. म्हणजे या बाबतीत ब्लूबेरी जन्मजात सुरक्षित आहे.

दुसरा आकडा ०.८५. पदार्थात पाणी किती आहे यापेक्षा त्यातलं किती पाणी जिवाणूंना वापरता येतं, हे महत्त्वाचं. शुद्ध पाण्यासाठी हे माप १ धरतात. ०.८५ च्या खाली गेलं की आजारी पाडणारे जिवाणू वाढू शकत नाहीत. जॅममध्ये पाणी भरपूर असतं, पण साखरेने ते धरून ठेवलेलं असतं. आजीच्या मोरंब्याला फ्रीज का लागत नव्हता, याचं उत्तर हेच. भारतातल्या नियमांनुसार जॅममध्ये साखरेसह विरघळलेले घन पदार्थ किमान ६५ टक्के असावे लागतात, त्याचंही कारण हेच.

म्हणूनच सध्या रील्समध्ये दिसणारे 'बिनसाखरेचा ब्लूबेरी जॅम' किंवा 'चिया जॅम' हे खरं तर जॅम नव्हेतच. खायला छान, पण ते फ्रीजमध्ये ठेवून थोड्या दिवसांत संपवायचे असतात. साखर काढली की राखणदारच काढला.

मग घरच्या बाटलीत माणूस चुकतो कुठे? २०१५ सालचं ओहायो राज्यातलं उदाहरण बघा. एका चर्चमध्ये सगळ्यांनी घरून पदार्थ आणून एकत्र जेवण केलं. त्यात बटाट्याचं सॅलड होतं आणि त्यातले बटाटे कुणीतरी घरी बाटलीबंद केलेले होते. २९ जणांना बोट्युलिझम झाला, एकाचा मृत्यू झाला. जवळपास ४० वर्षांतली अमेरिकेतली ही त्या आजाराची सगळ्यात मोठी साथ होती. चूक एकच: बटाट्याच्या बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवून बंद केल्या होत्या. बटाटा आंबट नसतो. त्या जिवाणूचे बीजाणू १०० अंशांना मरत नाहीत, त्यासाठी दाबाखाली ११६ ते १२१ अंश तापमान लागतं.

या घटनेत विक्री कुठेच नव्हती. फुकट वाटलेलं, प्रेमाने आणलेलं जेवण होतं. विक्रीवर कितीही कडक बंदी असती तरी ही दुर्घटना टळली नसती. उलट, विकणाऱ्याला आधी प्रशिक्षण घ्यावं लागत असतं, तर कदाचित बटाटे त्या बाटलीत गेलेच नसते.

मफिन किंवा केक यात जवळजवळ बसतच नाही. तो चांगला भाजला जातो, वरून कोरडा असतो, दोन-चार दिवसांत संपतो. फार तर बुरशी येते आणि ती डोळ्यांना दिसते. पण त्याच मफिनच्या पोटात क्रीम चीज भरलं की गणित बदलतं. त्याला फ्रीज लागतो.

ताजी ब्लूबेरी घरी आणली तर

ब्लूबेरीचा हंगाम छोटा असतो, म्हणून तर टिकवण्याचा एवढा खटाटोप. फळावर जो पांढुरका थर दिसतो, ती धूळ किंवा औषध नव्हे. ते फळाचं स्वतःचं मेण आहे आणि त्यामुळेच ते टिकतं. म्हणून आणल्या आणल्या धुऊ नये, खाताना धुवावं. फ्रीजरमध्ये टाकतानाही न धुता, ताटात एकेरी पसरून गोठवायचं आणि मग पिशवीत भरायचं. ओलं फळ गोठवलं की साल चिवट होते आणि फळं एकमेकांना चिकटून दगड होतो.

मफिन हिरवा पडला अशी तक्रार हमखास येते. ब्लूबेरीचा रंग ज्या द्रव्यामुळे असतो, तो आंबटात लालसर आणि क्षारात निळा-हिरवा होतो. खाण्याचा सोडा जास्त झाला की फळाभोवती हिरवट कडं उमटतं. जांभळाचा डाग साबणाने धुताना रंग बदलतो, तोच हा प्रकार. खायला काहीच अपाय नाही. पिठात ताक किंवा दही घातलं तर रंग बराच राहतो. फळं तळाशी बसत असतील, तर ती कोरड्या पिठात घोळवण्याने थोडा फरक पडतो, पण मिश्रण दाट असणं जास्त महत्त्वाचं. गोठवलेली फळं वितळवत बसू नयेत, तशीच घालावीत.

जॅम झाला की नाही हे ओळखायला आपल्या घरांना परदेशी पुस्तकाची गरज नाही. थंड बशीवर थेंब टाकायचा, बोटाने सारायचा. सुरकुती पडली तर झाला. पाकाचा गोळा बघण्याचीच ही बहीण. थर्मामीटर असेल तर समुद्रसपाटीला १०४-१०५ अंश. लिंबाचा रस चवीसाठी नसतो; आंबटपणा वाढला की फळातलं पेक्टिन नीट धरतं. गरम जॅम गरम बाटलीत भरून, झाकण लावून, बाटली पूर्ण बुडेल एवढ्या उकळत्या पाण्यात रेसिपीप्रमाणे पाच ते दहा मिनिटं ठेवतात. उंचीवर हा वेळ वाढवावा लागतो. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे आणि तिथे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं.

एक इशारा मात्र गंभीर. भाज्या, मका, कडधान्यं अशा आंबट नसलेल्या गोष्टी बाटलीबंद करायला आपला डाळ-भाताचा कुकर वापरू नये. अमेरिकी कृषी खातंही त्यासाठी वेगळा, मोठा 'प्रेशर कॅनर'च वापरायला सांगतं, कारण छोटा कुकर फार लवकर तापतो आणि लवकर निवतो, आणि चाचण्या त्याच्यावर झालेल्या नाहीत.

नव्या नियमांनी काय दिलं, काय नाही?

न्यू जर्सीच्या नियमांचा गाभा वरच्या दोन आकड्यांतच आहे. फ्रीजशिवाय टिकणारं ते विकता येतं: पाव, केक, बिस्किटं, फळांचे पाय, जॅम, जेली, सुकी फळं, ग्रॅनोला. फळांच्या पायमधून भोपळ्याचा पाय मुद्दाम वगळला आहे, कारण भोपळा आंबट नाही आणि त्याचं सारण दूध-अंड्याचं असतं. ब्लूबेरी पाय चालतो, ब्लूबेरी चीजकेक चालत नाही.

परवाना दोन वर्षांचा, फी १०० डॉलर. त्याआधी अन्नसुरक्षेचं प्रमाणपत्र मिळवावं लागतं. घरी खासगी विहिरीचं पाणी असेल तर त्याची तपासणी हवी. काम चालू असताना कुत्रं-मांजर स्वयंपाकघरात नको. लेबलवर घटक, ॲलर्जी होऊ शकेल असे पदार्थ आणि एक स्पष्ट वाक्य लिहावं लागतं, की आरोग्य विभागाने तपासणी न केलेल्या घरगुती स्वयंपाकघरात हा पदार्थ तयार झाला आहे. ही शेवटची अट सगळ्यात शहाणी म्हणायला हवी. सरकार दारावर पहारा देत नाही, पण गिऱ्हाईकाला अंधारातही ठेवत नाही.

वर्षाची मर्यादा मात्र ५० हजार डॉलर, आणि हा नफा नव्हे, एकूण विक्री आहे. लोणी, अंडी, ब्लूबेरी, खोकी, वीज, पेट्रोल वजा केलं की हातात येणाऱ्या रकमेवर न्यू जर्सीसारख्या महागड्या राज्यात एका माणसाचं घर चालणं कठीण. म्हणजे नियमाच्या मते हा जोडधंदा आहे, आणि तो जोडधंदाच राहावा अशी त्याची इच्छा दिसते. मूल लहान आहे, घरात म्हातारं माणूस आहे म्हणून बाहेर नोकरी करता येत नाही, अशांना याचा आधार आहे. पण पुढे वाढायचं तर व्यावसायिक स्वयंपाकघर भाड्याने घ्यावंच लागतं.

एडिसन आणि आसपासच्या मराठी घरांनाही हे नियम लागू आहेत. 'फ्रीज लागतो का' ही कसोटी लावली की श्रीखंड, बासुंदी, ओल्या नारळाचे मोदक बाहेर पडतात. नानकटाई 'बिस्कीट' म्हणून आत येते.

आपल्याकडे काय आहे?

भारतात असा लढा द्यावा लागला नाही, कारण घरातून विकण्यावर बंदीच नव्हती. पापड, कुरडया, मसाले, लोणची घरोघरी होत आली. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर सुरू केलेल्या पापडाच्या कामातून 'लिज्जत' उभं राहिलं. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत त्या काळी, आणि नंतरही कित्येक वर्षं, असं काही घरातून करणं कायद्यात बसलं नसतं.

२००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने आणि २०११ च्या नियमांनी आपल्याकडे चौकट आणली. २०११ च्या नियमांत वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या व्यावसायिकाला परवाना नाही, पण एफएसएसएआयची नोंदणी आवश्यक, फी वर्षाला १०० रुपये, अशी सोय होती. पाकिटावर १४ अंकी क्रमांक छापावा लागतो. अंडं घातलेल्या ब्लूबेरी मफिनवर आपल्या नियमांनुसार मांसाहारी चिन्ह लागतं, हे इन्स्टाग्रामवरून ऑर्डर घेणाऱ्या अनेकांच्या गावीही नसतं.

आपली अडचण न्यू जर्सीच्या नेमकी उलटी आहे. तिथे नियम इतका कडक होता की लोक लपून विकायचे. इथे नियम सौम्य आहे, पण कोणता पदार्थ घरून विकणं सुरक्षित आणि कोणता नाही, अशी साधी, सामान्य माणसाला कळेल अशी यादी पाकीट बंद करणाऱ्या बाईपर्यंत पोचत नाही. चीजकेकचा डबा दुपारच्या उन्हात स्कूटरवरून तासभर फिरतो आणि कुणालाच त्यात वावगं वाटत नाही.

ब्लूबेरी आता इथेही नवलाची राहिलेली नाही. शहरांतल्या दुकानांत ती बहुतेक पेरूसारख्या देशांतून येते. २०२३ मध्ये जी-२० परिषदेच्या वेळी भारत आणि अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेतला जुना वाद मिटवला, तेव्हा भारताने ज्या वस्तूंवरचं आयात शुल्क कमी करायला मान्यता दिली, त्यात ब्लूबेरी आणि क्रॅनबेरी होत्या. ताज्या, गोठवलेल्या, सुकवलेल्या, सगळ्याच.

हॅमंटनच्या होम बेकरला मात्र अजून एक सीमा ओलांडता येत नाही. तिथून फिलाडेल्फिया गाडीने तासाभराच्या आत गाठता येतं, पण ते शहर पेनसिल्व्हेनिया राज्यात आहे. न्यू जर्सीचा घरगुती परवाना राज्याच्या हद्दीबाहेर चालत नाही आणि पदार्थ पोस्टाने पाठवायलाही परवानगी नाही. तिच्या बागेतली ताजी ब्लूबेरी देशभर कुठेही जाऊ शकते. त्या ब्लूबेरीचा तिने केलेला पाय नदीपलीकडे जाऊ शकत नाही.